फॅमिली बिल्डिंगमधला बॅचलर

समिधा मेरीलँडहून शारजाला आली, ती चक्क पळून आली. तिच्या तोंडावर कोणी तसं म्हटलं असतं तर तिने त्याला उभा सोलला असता, पण खरं तेच होतं.

फोनवर तिने धाकट्या भावाला, उपेंद्रला, वेगळंच सांगितलं. "किती वर्षं तुमच्याकडे निवांत राहिले नाही रे. मेच्या मध्याला येते. महिना-दीड महिना राहीन म्हणते."

उपेंद्र खूश झाला. त्याची बायको सुजाता मात्र कणकेत हात तसाच ठेवून विचारात पडली. "अहो, मे-जूनमध्ये? या दिवसांत माणसं शारजातून बाहेर पळतात. वन्सं आत कशाला येतायत?"

उत्तर समिधाच्या नवऱ्याने, म्हणजे भावोजींनी दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसातून फोन केला आणि हसू दाबत म्हणाले, "सुजाता, कोणाला सांगू नकोस. ती सिकाडांना घाबरून येतेय."

सिकाडा म्हणजे अंगठ्याएवढा, काळा, लाल डोळ्यांचा एक किडा. त्यांच्या भागातला सिकाडा सतरा वर्षं जमिनीखाली मुळांचा रस पीत पडून राहतो आणि मग एका मे महिन्यात सगळेच्या सगळे एकदम वर येतात. झाडं, खांब, गाड्या, दारं, काही म्हणता काही सुटत नाही. नर दिवसभर माद्यांना हाका मारत कोकलतात, पाच-सहा आठवड्यांत लग्नं उरकतात, माद्या अंडी घालतात आणि सगळे मरून जातात. मागच्या खेपेला, १९८७ साली, समिधाने नव्या घराच्या अंगणात नवऱ्याच्या ऑफिसातल्या लोकांना जेवायला बोलावलं होतं. एक सिकाडा तिच्या ब्लाउजच्या पाठीत शिरला. हातातलं श्रीखंडाचं पातेलं टाकून तिने अंगणाला ज्या फेऱ्या मारल्या, त्यात साडीचा एक एक वेढा सुटत गेला, आणि हे सगळं बॉसच्या देखत. त्याच दिवशी तिने ठरवलं होतं की दोन हजार चारच्या मेमध्ये आपण अमेरिकेत नसायचं.

"तिकीट तिने गेल्या दिवाळीतच काढलंय," भावोजी म्हणाले. "मी आपला इथेच राहणार. मला आवडतात."

पण त्या वर्षी तिकडे ऊन जरा लवकर तापलं आणि सिकाडांनी समिधाच्या विमानाची वाट पाहिली नाही. निघायच्या दिवशी घराच्या दारापासून गाडीपर्यंतचं अंतर तिने छत्री उघडून, डोळे मिटून, भावोजींचा दंड धरून पार केलं. गाडीत बसताक्षणी छत्री मिटली, बॅगेत कोंबली आणि थेट शारजाला येऊन श्वास सोडला.

शारजाच्या रोल्ला भागातल्या त्या दोन बेडरूमच्या घरात आल्यावर तिने पहिल्याच दिवशी भाचीची, मिहिकाची, खोली घेतली आणि दुसऱ्या दिवशी सुजाताचं स्वयंपाकघर. तेलाचा डबा माळ्यावर गेला. मीठ मोजून घ्यायचा चमचा आला. "सुजाता, उपेंद्रचं पोट बघ जरा. आमच्याकडे असं पोट दिसलं की डॉक्टर आधी बायकोला विचारतात, घरात काय शिजतं म्हणून."

"हो वन्सं."

"आणि ही बाल्कनी! कबुतरांची धर्मशाळा केलीय नुसती."

"हो वन्सं."

उपेंद्र सकाळी अंधारात दुबईला निघायचा आणि ट्रॅफिकमध्ये दोन तास घासून रात्री परतायचा. त्यामुळे "ताई आली म्हणून घराला कसं घरपण आलं," असं त्याला मनापासून वाटत होतं. सुजाताने ते ऐकून घेतलं आणि वन्संची बॅग आवरून देताना सापडलेली छत्री बाल्कनीत नेऊन कोपऱ्यात उभी केली. शारजात छत्रीचं दुसरं काय करायचं?

छत्रीशेजारीच तिची कढीपत्त्याची कुंडी होती.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी सकाळी समिधा आंघोळीला गेली असताना सुजाता कपडे वाळत घालायला बाल्कनीत गेली आणि तिला एक आवाज ऐकू आला. वीऽऽऽ अशी लांबलचक तान आणि शेवटी एकदम खाली उतरणारा सूर, जसं कोणी दमून "हं" म्हणावं. तिने वाकून पाहिलं. कढीपत्त्याच्या दांड्यावर एक काळा किडा बसला होता. डोळे लाल, पंखांना नारिंगी शिरा.

सुजाता देवरुखची. मेअखेरीला आंबा-फणसाच्या झाडांमधून असली किर्रकिर्र ऐकतच ती मोठी झाली होती, त्यामुळे किड्याचं तिला काही वाटलं नाही. पण बाथरूमच्या दाराकडे तिने एकदा पाहून घेतलं. वन्संनी पाहिलं तर सगळी बिल्डिंग डोक्यावर घेतील. तिने झटकून टाकायला झाडू उचलला, तेवढ्यात मिहिका मागे येऊन उभी राहिली. शाळेला परीक्षेची सुट्टी होती.

"आई, डोन्ट! ओ माय गॉड, ही इज अ पिरिऑडिकल सिकाडा!" मिहिका चौदा वर्षांची होती आणि आत्या येणार म्हटल्यापासून तिने कॉम्प्युटरवर या किड्यांबद्दल सगळं वाचून काढलं होतं. "ओन्ली मेल्स सिंग. ही इज लुकिंग फॉर अ वाइफ."

"इथे? रोल्लात?"

"सेव्हन्टीन इयर्स ही वेटेड, आई. अँड ही गॉट शारजा."

सुजाताला हसू फुटलं. हातातला झाडू खाली आला. मग दोघींनी मिळून कुंडी कपड्यांच्या स्टँडमागे सरकवली आणि स्टँडवर एक डबल बेडची चादर घातली. आत्याला सांगायचं नाही, एवढंच ठरलं. तोवर त्यात खोडसाळपणा काहीच नव्हता.

खोडसाळपणा शिरला दुसऱ्या दिवशी. सुजाता फोडणी करत होती आणि समिधा मागे उभी राहून तेलावर बोलत होती. "एका माणसाला दिवसाला दोन चमचे. दोन म्हणजे दोन. तू तर तळल्यासारखं—"

वीऽऽऽ.

समिधा वाक्याच्या मधोमध थांबली. चेहरा पांढराफटक. "सुजाता, तुला काही ऐकू आलं?"

सुजाता खरं सांगणारच होती. शब्द ओठांवर आले होते. पण तिची नजर माळ्यावरच्या तेलाच्या डब्यावर गेली आणि तिच्या तोंडून निघालं, "कुठे काय?"

"काहीच नाही?"

"एसी चालू आहे, वन्सं. त्याचाच काय तो."

समिधा मुकाट्याने जाऊन सोफ्यावर बसली. दुपारपर्यंत तिने एकही सूचना केली नाही. संध्याकाळी सुजाताने स्टुलावर चढून तेलाचा डबा खाली काढला, भजी तळली, आणि समिधाने चार भजी खाल्ली तरी ती भिंतीकडेच बघत होती.

मग हे रोजचंच झालं. दहाच्या सुमाराला ऊन बाल्कनीत आलं की किडा गाऊ लागायचा, समिधा दचकायची, आणि सुजाता व मिहिका एकमेकींकडे न बघण्याची शर्थ करायच्या. "आत्या, आय कान्ट हिअर एनिथिंग," असं मिहिका इतक्या निरागस चेहऱ्याने म्हणायची की सुजाताला पोरीच्या भविष्याची काळजी वाटली.

त्या दोघींना ऐकू येत नसलं तरी बिल्डिंगला ऐकू येत होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या शहरबानू, कराचीच्या वयस्कर बाई, जिन्यात सुजाताला गाठून म्हणाल्या, "बेटी, ये जिन्न की आवाज़ है. मैंने दुआ पढ़कर पानी सीढ़ी पर छिड़का है." खालच्या कॅफेटेरियावाल्याला वाटलं पाण्याचा पंप जळतोय. शुक्रवारच्या सुट्टीला घरी असलेल्या उपेंद्रला वाटलं एसीचा फॅन गेला. एसीवाला आला, मशीन खोललं, धूळ काढली, बसवलं, पैसे घेतले आणि जाता जाता जिन्यात थबकून म्हणाला, "आवाज तो अब भी आ रही है." इतकं झाल्यावर बिल्डिंगचा नातूर, म्हणजे वॉचमन, रफिक दाराशी आला.

"मॅडम, आपके घर में कुछ मशीन है क्या? चार कंप्लेंट आया है."

आत्या खोलीत झोपलेली बघून मिहिकाने त्याला बाल्कनीत नेलं, चादर बाजूला केली आणि सगळी कहाणी सांगितली. रफिकने गुडघ्यावर हात ठेवून किड्याला नीट न्याहाळलं.

"अकेला है?"

"बिलकुल अकेला."

"शादी नहीं हुआ?"

"नहीं हुआ. ढूंढ रहा है."

रफिक गंभीरपणे उठला. "बेबी, नीचे बोर्ड देखा ना? ये फॅमिली बिल्डिंग है. बॅचलर अलाउड नहीं. इसको सोनापूर के लेबर कॅम्प में भेजो." आणि मग त्याला स्वतःलाच इतकं हसू आलं की भिंतीचा आधार घ्यावा लागला. त्याची स्वतःची बायको-मुलं चितगावला होती. जाताना तो म्हणाला की कंप्लेंट तो दाबून ठेवेल, इन्शाल्ला.

इकडे समिधाचं लक्षण काही ठीक नव्हतं. ती जेवेना, बोलेना, कानात कापूस घालून बसायची. एके दिवशी ती उपेंद्रला म्हणाली, "मला कानाच्या डॉक्टरकडे ने." आणि मग, सुजाताला ऐकू जाईल अशा बेताने नव्हे तर खरोखरच हळू आवाजात, "मला वाटतं माझं वय झालं रे. नसलेलं ऐकू येतंय."

 बहीण-भाऊ दवाखान्यात गेले तेवढ्या वेळात सुजाताने दोनदा किड्याला उडवून लावायचं ठरवलं आणि दोनदा मिहिकाने तिला अडवलं.

डॉक्टर जैनबने समिधाच्या दोन्ही कानांची तपासणी केली, बंद खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या आणि सांगितलं, "आंटी, आपके कान मेरी बेटी के कानों से भी अच्छे हैं." उपेंद्र खूश होऊन ही बातमी घेऊन घरी आला. समिधा मात्र सरळ खोलीत गेली. कान ठीक, म्हणजे बिघाड आणखी वर आहे, हे सुजातालाही कळलं.

त्या दिवसापासून सुजाताने वन्संची जी सेवा सुरू केली ती तिने स्वतःच्या बाळंतपणातही कोणाकडून करून घेतली नव्हती. सकाळी मोसंबीचा रस. अकराला शिरा, वर बेदाणे. दुपारी डोक्याला तेल, संध्याकाळी पायांना. समिधा डोळे मिटून म्हणायची, "जरा डाव्या बाजूला. हां. मिहिकाच्या टीव्हीचा आवाज फार होतो गं." टीव्ही बंद व्हायचा. "पुरणपोळी खावीशी वाटत होती, पण तुला कशाला त्रास." पुरणपोळी व्हायची. सांगून टाकावं असं सुजाताला रोज वाटायचं, आणि रोज एक दिवस उशीर झाल्यामुळे सांगणं आणखी अवघड व्हायचं.

अशी आठवडाभर तरी सेवा झाली. मग एका सकाळी सुजाता दूध आणायला खाली गेली, पाकीट विसरली म्हणून परत आली, आणि दार उघडताच तिला बाल्कनीतून बोलण्याचा आवाज आला. ती चपला हातात घेऊन पुढे गेली.

समिधा कढीपत्त्याच्या कुंडीपुढे पाटावर बसली होती. एका हातात इस्त्रीच्या कपड्यांवर मारायची पाण्याची बाटली. ती पानांवर बारीक फवारा मारत होती आणि खांद्याशी फोन धरून नवऱ्याशी बोलत होती.

"हो, हो, पानांवरच मारतेय. अंगावर नाही... काल जरा घसा बसल्यासारखा वाटला, आज छान आहे... नाही हो, तिला काय कळतंय. काल पुरणपोळी झाली, उद्या उकडीचे मोदक सुचवणारे."

सुजाताच्या हातातली एक चप्पल फरशीवर पडली.

समिधाने वळून पाहिलं. फोन ठेवला.  कोण कोणावर रागावणार याचा हिशेब लागेना.

"कधीपासून?" सुजाताने विचारलं.

"डॉक्टरकडून आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून," समिधा म्हणाली. "रात्रभर झोप नाही. सकाळी म्हटलं, कान ठीक आहेत ना, मग आवाज कुठून येतो ते शोधायचंच. खरा किडा निघाला तर परवडला. डोकं फिरलेलं नको. चादर उचलली तर हा."

"ओरडला नाहीत?"

"तोंड उघडलं होतं. पण हा एकटाच." तिने कढीपत्त्याकडे पाहिलं. "तिकडे लाखोंनी असतात गं, सगळं काळं काळं हलताना दिसतं. एकट्याचं तोंड मी कधी बघितलंच नव्हतं. नीट बघ, ह्यांच्या नाना काकांसारखा दिसतो."

सुजाताने वाकून पाहिलं. नाना काका तिच्या लग्नाला आले होते. साम्य होतं.

"आणि तू," समिधा म्हणाली, "'कुठे काय' म्हणालीस माझ्या तोंडावर. चेहरा तरी हलवायचास."

"आणि तुम्ही आठवडाभर पाय चेपून घेतलेत!"

"त्यातले चार दिवस शिक्षा. बाकीचे सवय लागली म्हणून."

आधी कोण हसलं ते नंतर दोघींनाही सांगता आलं नाही. मिहिका शाळेतून पेपर देऊन आली तेव्हा आई आणि आत्या बाल्कनीत शेजारी शेजारी बसून मोसंबी सोलत होत्या आणि स्टँडवर चादर नव्हती. तिला आधी वाटलं, आता आपली खैर नाही.

पण कंप्लेंट दाबून ठेवणं रफिकला काही जमलं नाही. त्या गुरुवारी मालकाच्या ऑफिसातला जमाल आला. उंच, आडवा, घामाघूम, हातात किल्ल्यांचा जुडगा. त्याच्यामागे रफिक मान खाली घालून उभा.

"मॅडम," जमाल दारातूनच म्हणाला, "यू रनिंग बिझनेस हिअर? ऑल बिल्डिंग टॉकिंग. मशीन, मशीन. कॉन्ट्रॅक्ट इज फॉर फॅमिली. बिझनेस, खलास, यू गो आउट."

सुजाता दोन पावलं मागे सरली. समिधा पुढे आली. अमेरिकेत वीस वर्षं लोकांच्या टॅक्सचे कागद तपासून कमावलेला आवाज तिने बाहेर काढला.

"नो मशीन. वुई हॅव अ गेस्ट. फ्रॉम युनायटेड स्टेट्स."

जमाल जरा नरमला. "गेस्ट? व्हॉट गेस्ट? फॅमिली?"

"बॅचलर," मिहिका म्हणाली. समिधाने तिला कोपर मारलं, पण उशीर झाला होता.

"बॅचलर!" जमाल आत शिरला. "व्हेअर? यल्ला, शो मी." त्याने बेडरूममध्ये डोकावलं, बाथरूमचं दार उघडलं, आणि शेवटी बाल्कनीची काच सरकवली.

त्या धक्क्याने किडा उडाला. त्याला धड उडताही येत नव्हतं. तो आधी दारावर आपटला, मग पडद्यावर, आणि मग आधार मिळाला म्हणून जमालच्या पांढऱ्या शर्टावर, बरोबर खिशावर बसला. तिथून त्याने घसा साफ केला आणि तान मारली.

एवढा मोठा माणूस इतका बारीक ओरडू शकतो हे तिघींना माहीत नव्हतं. किल्ल्या एकीकडे, जमाल एकीकडे. तो सोफ्यावर चढला, सोफ्यावरून टीपॉयवर, आणि तिथे दोन्ही हात लांब धरून, डोळे गच्च मिटून काहीतरी पुटपुटत उभा राहिला. रफिक जिन्यात बसून पोट धरून हसत होता. शहरबानू वरून ओरडून विचारत होत्या, "जिन्न निकला क्या?"

समिधा टीपॉयजवळ गेली. ती काय करतेय हे कळायच्या आत तिने दोन बोटं पुढे केली आणि किड्याला पंखांपाशी हलकेच धरून उचललं.  किडा तिच्या चिमटीत पाय हलवत होता. तो शिंकेल की काय अशा नजरेने तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि मग अलगद त्याला कढीपत्त्यावर नेऊन सोडलं.

"ही इज हार्मलेस," ती परत येऊन म्हणाली. "विल यू हॅव टी?"

जमालने चहा घेतला. सोबत सुजाताने तळलेली भजीही घेतली, पण पाय सोफ्यावर घेऊनच. मिहिकाने त्याला सतरा वर्षांची हकिगत सांगितली, तेव्हा त्याने कप खाली ठेवला. "सेव्हन्टीन इयर्स? नो वाइफ?" त्याने स्वतःच्या लग्नाला पैसे जमवण्यात गेलेली वर्षं बोटांवर मोजली, हरलो म्हणून मान हलवली आणि किल्ल्या उचलल्या. "व्हिसा, हाऊ मेनी डेज?" असं त्याने दारात विचारलं. मिहिका म्हणाली, आणखी थोडेच दिवस. "ओके हबीबी. फ्यू डेज ओके."

ते दिवस खरंच थोडे होते. जूनच्या सुरुवातीला एका सकाळी तो गायला नाही. कुंडीतल्या मातीवर पडला होता, पाय पोटाशी घेऊन. मिहिका रडली. सुजाताने तो कढीपत्त्याच्या बुंध्याशीच पुरला. संध्याकाळी समिधाने विमान कंपनीला फोन लावून तिकीट अलीकडे आणून घेतलं.

"अजून महिना राहणार होतीस ना?" उपेंद्रने विचारलं. घरात काय काय घडलं यातलं त्याला काहीच माहीत नव्हतं.

"तिकडे उरलेसुरले दिसले तर बघते," समिधा म्हणाली. "पुढच्या खेपेला मी एकोणसत्तर वर्षांची असेन. तेव्हा डोळे कसे असतील कोण जाणे."

ती गेली. सुजाताला घर मोठं आणि जरा बेचव वाटू लागलं, पण हे तिने कोणाला सांगितलं नाही. आठवड्याभराने फोन आला. लाइन खरखरत होती.

"काय सांगू तुला, अंगणभर मेलेले पडलेत, वास मारतोय. ह्यांनी फावडं माझ्या हातात दिलंय. आणि ऐक, शेजारची कोरियन बाई आहे ना, तिने ताजे ताजे पकडून तळून आणले काल. बशीभर."

"वन्सं! तुम्ही खाल्लेत?"

"चार."

"अहो, पण आपला तो—"

"आपला तो आपला होता. हे कोण लागतात माझे?" समिधा म्हणाली. "चव कोलंबीसारखी आहे. पण काहीतरी कमी वाटत होतं."

सुजाताने फोन दुसऱ्या कानाला लावला आणि जरा विचार केला.

"तळायच्या आधी कोकमाचं आगळ लावलं होतं का त्यांनी?"

"त्यांना कुठलं आगळ माहीत असणार?"

"मग काय होणार," सुजाता म्हणाली. "थांबा, मसाला सांगते, लिहून घ्या."